धावणाऱ्याची भाकरी

लातूरने उभ्या महाराष्ट्राला दोन शिस्ती दिल्या. एक परीक्षेची, जिला सगळे 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखतात. दुसरी जेवणाची. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीचा धागा पकडून ती लोकांपुढे ठेवली. खरी भूक लागते अशा दोनच वेळा ओळखायच्या, त्या वेळी ५५ मिनिटांत जेवण आटपायचं, अधेमधे पाणी किंवा पातळ ताकावर भागवायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. ना फी, ना पावडरीचे डबे. मराठवाड्याला हे पटकन भावलं. लग्नाच्या पंगतीत 'माझं दीक्षित चालू आहे' असं सांगून जिलेबीची वाटी परत करणारे पाहुणे आता कोणाला नवे वाटत नाहीत.

या शिस्तीचं मोल मी मनापासून मानतो. लातूरच्या गंजगोलाई बाजारात सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर बसणारा व्यापारी, तासागणिक चहा, सोबत बिस्किट नाहीतर भजी, वाढलेलं पोट, रक्तात साखर. अशा माणसाच्या शरीरात बारा महिने एक मंद दाह धुमसत असतो. पोटाभोवतीची चरबी स्वस्थ पडून राहत नाही, ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. रक्तातल्या सीआरपी या तपासणीत त्याचा माग लागतो. खाण्याच्या वेळा कमी झाल्या, साखर सुटली, वजन उतरलं की हा दाहही बहुधा उतरतो. चयापचय बिघडलेल्या लोकांत कमी कर्बोदकांच्या आहाराने दाहाचे निर्देशक खाली येतात, हे अमेरिकेतल्या जेफ व्होलेक यांच्या गटानेही २००८ साली दाखवलं होतं.

पण 'दीक्षित' म्हणजे 'भाकरी बंद' नव्हे. ती योजना जेवणाच्या वेळा मोजते, भाकरीला हाकलून देत नाही. तोंडातोंडी पसरताना मात्र तिची सरमिसळ झाली. कोणी त्यात कर्बोदकं जवळजवळ बंद करणारा कीटो आहार मिसळला, कोणी भात-चपाती दोन्ही सोडलं, आणि त्या मिश्रणाला एक सुटसुटीत वाक्य चिकटलं, ज्यात कर्बोदकं झाली कार्ब्ज आणि दाह झाला सूज: कार्ब्ज सोडा, सूज उतरते. दुकानात, दवाखान्यात फिरता फिरता हे वाक्य पहाटेच्या मैदानावर पोचलं. माझी चिंता तिथे सुरू होते.

नांदेड आणि लातूरच्या मैदानांवर पहाटे पाचला दोन प्रकारची माणसं धावतात. पहिली चाळिशी ओलांडलेली. डॉक्टर, प्राध्यापक, सराफ, वकील; हातात घड्याळ, पायात चांगले बूट, डोळ्यांपुढे हैदराबादची किंवा मुंबईची मॅरेथॉन. दुसरी भरतीची पोरं. मुखेड, कंधार, किनवट, देगलूर, अहमदपूर, निलंगा, जळकोट इथून आलेली, एका खोलीत चार-पाच जण राहणारी, अकॅडमीच्या मेसवर जेवणारी. पोलीस शिपाई भरतीत मैदानाचे ५० गुण. त्यातले २० मुलांना १६०० मीटरचे, मुलींना ८०० मीटरचे. मुलाने १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर पूर्ण २०. राज्य राखीव पोलीस दलात जायचं तर पाच किलोमीटर. शर्यत पाच मिनिटांची असली तरी तिच्यासाठी ही पोरं वर्ष वर्ष रोज आठ-दहा किलोमीटर धावतात. दमसासाच्या खेळाडूचं शरीर जे काही सोसतं, ते सगळं त्यांचं शरीर सोसतं. त्यांना खेळाडू मात्र कोणी म्हणत नाही.

पहिल्या गटातल्या गृहस्थांनी कार्ब्ज सोडून बारा किलो उतरवलेले असतात, गुडघेदुखी थांबलेली असते. ते मोठ्या मायेने शेजारच्या पोराला तोच उपाय सांगतात. त्या पोराकडे उतरवायला वजनच नसतं.

नांदेडला एका मैदानाच्या कट्ट्यावर बसलेली कंधारकडची एक मुलगी दोन्ही नडग्यांवर बर्फ चोळत होती. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत होता, पिशवी फाटून पाणी मोज्यात उतरत होतं. नडगी दोन महिन्यांपासून दुखत होती, सर्दी पंधरा दिवस हटत नव्हती आणि ८०० मीटरचा वेळ सुधारण्याऐवजी लांबत चालला होता. कोणीतरी तिला शरीरात सूज आहे असं सांगितलं, म्हणून तिने भात सोडला. मग संध्याकाळची भाकरीही सोडली. सकाळी धावून झाल्यावर चहा, अकराला मेसचं जेवण, रात्री उसळ आणि काकडी. पाण्याची बाटली घोट घोट घेत ती हे सांगत होती आणि अजून काय सोडावं, असं विचारत होती.

तिला उत्तर द्यायचं तर धावताना शरीरात काय होतं ते आधी पाहायला हवं. कर्बोदकांचा साठा स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने असतो. सराव केलेल्या माणसात स्नायूंत चारशे-पाचशे ग्रॅम, यकृतात सुमारे शंभर. जोरात धावताना हीच कणगी उपसली जाते. ती तळाला जाऊ लागली की स्नायू स्वतःच इंटरल्युकिन-६ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो. हा यकृताला पाठवलेला निरोप असतो: साखर सोड, इथलं संपत आलंय. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांच्या प्रयोगशाळेने हे उलगडलं. तोपर्यंत हे प्रथिन म्हणजे दाहाची निशाणी एवढीच ओळख होती. मॅरेथॉनसारख्या लांब श्रमानंतर रक्तातली त्याची पातळी शंभरपटीपर्यंत चढू शकते.

हा चढ वाईट नाही. तो थोड्या वेळात उतरतो आणि मागोमाग दाह शमवणारी रसायनंही जागी होतात. अशा चढ-उतारातूनच शरीर तयार होतं. व्यापाऱ्याचा दाह बारमाही, धावणाऱ्याचा काही तासांचा, आणि दोघांची कारणंही वेगळी. एकाच्या शरीरात इंधन साचून दाह होतो, दुसऱ्याच्या शरीरात इंधन संपून. साचलेलं काढायचा उपाय रिकाम्यावर केला की काय होईल, हा खरा प्रश्न आहे. सुदैवाने त्याचं उत्तर अंदाजावर सोडावं लागत नाही.

१९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन यांनी धावकांना त्यांच्या आजारपणाबद्दल विचारलं. शर्यत धावलेल्यांपैकी १२.९ टक्के लोक पुढच्या आठवड्यात सर्दी-घशाने आजारी पडले होते. तेवढीच तयारी करून ऐनवेळी शर्यत न धावलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होतं. नीमन पुढे वर्षानुवर्षं या प्रश्नामागे लागले. लांब श्रमात धावकांना साखरेचं पेय देत राहिलं तर ताणाचं कॉर्टिसॉल आणि इंटरल्युकिन-६ दोन्ही कमी चढतात, हे त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणजे श्रमाच्या वेळी दाह आवरणारी सगळ्यात हाताशी असलेली वस्तू साखर निघाली. मैदानावर नेमकं उलटं बोललं जातं.

ऑस्ट्रेलियाच्या लुईस बर्क यांनी याच्या पुढचं काम केलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात जागतिक दर्जाचे चालण्याच्या शर्यतीचे खेळाडू तीन आठवडे शिबिरात राहिले. सराव सगळ्यांचा सारखाच, ताट तीन प्रकारचं. एकाला भरपूर कर्बोदकं, दुसऱ्याला तेवढीच पण दिवस आणि सराव पाहून कमी-जास्त वाटलेली, तिसऱ्याला दिवसाला ५० ग्रॅमपेक्षाही कमी आणि बाकी चरबी. तिसऱ्या गटाचं शरीर चरबी जाळायला झपाट्याने शिकलं. पण त्याच वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागू लागला. १० किलोमीटरच्या शर्यतीत पहिला गट ६.६ टक्के सुधारला, दुसरा ५.३ टक्के. तिसरा सुधारला तर नाहीच, १.६ टक्के मागेच सरकला. अंतर वेगळं, खेळ वेगळा, म्हणून हा आकडा जसाच्या तसा आपल्या मैदानावर लावता येणार नाही. तरी मनाशी हिशोब करून पाहिला: ५ मिनिटं १० सेकंदांत १.६ टक्के म्हणजे पाच सेकंद. पाच सेकंदांनी भरतीत पोरगं यादीच्या वर जातं किंवा खाली.

मराठवाड्याला सेकंदाची किंमत वेगळी सांगायला नको. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८:११.२० मध्ये धावला आणि त्याचं सुवर्णपदक ०.०५ सेकंदाने हुकलं. वीटभट्टीवर राबलेल्या आईबापाचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. धावणारा म्हणून जग त्याला ओळखू लागलं ते त्यानंतर. परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. या मातीत दमसास आहे, त्याला पुरावा मागायची गरज नाही. प्रश्न त्या दमसासाला काय खायला घालायचं हा आहे.

बर्क यांच्या शिबिरांच्याच परंपरेत अ‍ॅलाना मॅकके यांनी चालणाऱ्यांचं रक्त तपासलं. कमी कर्बोदकांवर तीन आठवडे राहिलेल्यांत व्यायामानंतरचं इंटरल्युकिन-६ जास्त उसळलं. मॅकके यांचा पुढचा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सहा दिवस एका गटाला एकूण अन्न कमी दिलं. दुसऱ्या गटाला अन्नातली ऊर्जा पुरेशी दिली, पण कर्बोदकं काढून घेतली. रक्तातला लोहाचा आणि प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद बिघडला तो दुसऱ्या गटात. पोट भरलेलं होतं, ताटात चरबी भरपूर होती, तरी सहा दिवसांत फरक पडला. केवळ उपासमारीने दाह वाढतो असं म्हणून सुटता येत नाही. भाकरी जाण्याचाच तो परिणाम होता.

इथे लोह मध्येच कुठून आलं? इंटरल्युकिन-६ चढलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. हेप्सिडिन आतड्यातून रक्तात येणाऱ्या लोहाची वाट अडवतं. व्यायामानंतर तीन ते सहा तास ही अडवणूक सर्वांत जास्त असते. जेवढा दाह चढेल, तेवढी वाट बंद. आता हे महाराष्ट्राच्या मुलींच्या रक्ताशेजारी ठेवून पाहा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. युरोपातल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या खेळाडूचं लोह थोडं घसरलं तर तिच्याकडे घसरायला जागा असते. आपल्या पोरी मुळात खालच्या पायरीवर उभ्या असतात. त्यात पाळी, त्यात कडक रस्त्यावर पाऊल आपटून होणारा तांबड्या पेशींचा नाश, त्यात मेसमधली पातळ आमटी. वर दाह कमी व्हावा म्हणून भाकरी सोडायची. दाह वाढणार, हेप्सिडिन वाढणार, लोह अडणार, धाप लागणार, आणि धाप लागली की सर सांगणार, अजून दोन राउंड मार, दम कमी पडतोय.

हाडांचं गणितही याच दिशेने जातं. कमी कर्बोदकांवर साडेतीन आठवडे राहिलेल्या खेळाडूंत हाड झिजण्याची निशाणी वाढली आणि हाड बांधण्याची निशाणी घटली, असं इडा हेइकुरा यांनी २०२० मध्ये दाखवलं. कंधारकडच्या त्या मुलीच्या दोन महिने दुखणाऱ्या नडगीला बर्फ पुरणार नव्हता. तिला हाडाच्या डॉक्टरकडे पाठवणं आणि रात्रीची भाकरी परत सुरू करायला सांगणं, एवढं तिथल्या तिथे करता आलं.

कमी कर्बोदकांच्या बाजूनेही खरं बोललं पाहिजे. व्होलेक यांनी सरासरी वीस महिने या आहारावर असलेले लांब पल्ल्याचे धावक तपासले, तर ते मिनिटाला दीड ग्रॅम चरबी जाळत होते. भरपूर कर्बोदकं खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. शंभर किलोमीटर संथ गतीने जाणाऱ्याला याचा उपयोग होऊ शकतो. येल विद्यापीठात विश्वदीप दीक्षित यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की कर्बोदकं कमी झाल्यावर शरीरात बनणारा एक कीटोन दाह पेटवणाऱ्या पेशीतल्या यंत्रणेलाच रोखतो. आडनाव तेच, माणूस वेगळा. पण कर्बोदकं आणि दाहाच्या चर्चेत दोन दीक्षित यावेत याची गंमत वाटते. मात्र ते काम उंदरांवर आणि वेगळ्या काढलेल्या पेशींवर झालं होतं. धाप लागेपर्यंत धावणाऱ्या माणसाच्या रक्तात बर्क आणि मॅकके यांनी जे मोजलं, ते निराळं निघालं. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांच्यासारखा धावण्याच्या शास्त्राचा मोठा जाणकारही कर्बोदकांचा पुरस्कार सोडून दुसऱ्या टोकाला गेला. त्यांना स्वतःला मधुमेह होता, हे त्यांनी उघड सांगितलं आहे. मधुमेही माणसासाठी त्यांचं बरोबर असू शकतं. वीस वर्षांच्या, ५५ किलोच्या, घरी तीन एकर कोरडवाहू असलेल्या पोरासाठी नाही.

मग ताटात काय हवं? तासभर सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं, असा क्रीडा-आहाराचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ६० किलोच्या मुलाला कमीत कमी ३०० ग्रॅम. ज्वारीच्या साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ४० ग्रॅम मिळतात. पाच भाकऱ्या, दोन केळी, वाटीभर भात, वरण. हे काही श्रीमंताचं जेवण नाही. केळी अर्धापूरची, तूर लातूरची. बोरसुरीच्या तूरडाळीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अडचण ज्वारीचीच आहे. रानं सोयाबीनखाली गेली, ज्वारी महाग झाली, रेशनवर गहू-तांदूळ येतात आणि मेसमध्ये तेच शिजतं. ज्वारी नसेल तर भात, चपाती, पोहे, सुशीला काहीही चालेल. धावणाऱ्याच्या स्नायूला तांदळाचं वावडं नाही.

कधी खायचं, याला मात्र अर्थ आहे. बर्क यांच्या दुसऱ्या गटाचं शहाणपण तिथे उपयोगी पडतं. हलका, गप्पा मारत धावायचा दिवस असेल तर उपाशीपोटी गेलं तरी बिघडत नाही. वेगाच्या दिवशी, चाचणीच्या दिवशी आदल्या रात्री पोटभर भात-भाकरी आणि निघण्याआधी एखादं केळं हवं. धावून आल्यावर गूळ-शेंगदाणे, अंडं, उसळ यांतलं जे असेल ते अर्ध्या तासात पोटात जावं, कारण हेप्सिडिनने वाट अडवायच्या आधी लोह आत शिरण्याची तीच वेळ. त्यावर लिंबू पिळावं, अंबाडीची आंबट भाजी असेल तर उत्तम. चहा मात्र तासभर थांबावा, तो लोहाला धरून ठेवतो. आपल्याकडे धावून आल्याबरोबर पहिला हात चहाच्या कपाकडे जातो. ही एक सवय मोडली तरी पुष्कळ मिळेल.

हळदीबद्दल मला नेहमी विचारतात. वसमतची हळद आपल्या दारची, तिच्यातल्या कर्क्युमिनचा दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसतो, पण दुधातून घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं उतरतं. हळद-दूध जरूर प्यावं, त्यातलं दूध तरी लागेलच. वेदनाशामक गोळीचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. चाचणीआधी गोळी खाऊन उतरणारी पोरं आहेत. वाळवंटातल्या लांब शर्यतींत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडावर ताण जास्त आढळल्याचा अभ्यास २०१७ मध्ये आला. मे महिन्यातलं नांदेडचं मैदान त्या वाळवंटापेक्षा फार सौम्य नसतं.

या सगळ्या अभ्यासांत एक गोष्ट खटकते. बर्क, मॅकके यांचे खेळाडू बहुतेक पुरुष, नीट पोसलेले, शिबिरात स्वयंपाकी असलेले. भातावर आणि ज्वारीवर वाढलेल्या, रक्त कमी असलेल्या मुलींचं रक्त त्यांत नाही. लातूर आणि नांदेड, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांत जनऔषधवैद्यकाचे विभाग आहेत, आणि हाकेच्या अंतरावर रोज पहाटे धावणारी शेकडो पोरं आहेत. सीआरपी, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, हिमोग्लोबिन, आठवडाभराच्या जेवणाची नोंद आणि धावण्याचा वेळ, एवढ्यावर चांगला अभ्यास उभा राहतो. त्याला परदेशी यंत्रं लागत नाहीत.

तोवर अकॅडमी चालवणाऱ्यांकडे माझी मागणी आहे. प्रवेशाच्या वेळी उंची आणि छाती मोजता, तसं मुलींचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाच फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, म्हणून एकावर थांबू नका. मेसच्या फलकावर 'पोटभर' असं लिहिलेलं असतं. त्याऐवजी सराव संपल्यावर अर्ध्या तासात ताट मिळेल, अशी वेळ लिहा. आणि जी पोरगी भात-भाकरी सोडल्याचं सांगेल, तिला त्याच दिवशी विचारा: पाळी वेळेवर येते का, नडगी कधीपासून दुखते, सर्दी किती दिवसांची आहे.